पावडरचे माप राजनला मिळू नये

मी, अनुपमा रामचंद्र इंगवले, वय एकोणसाठ, धर्म हिंदू, अविवाहित, मूळची कोल्हापूरची, सध्या राहणार खलिफा सिटी, अबुधाबी, आज हे लिहून ठेवते आहे आणि लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. वेदनेची गोळी घेतली की मला गुंगी येते, म्हणून सकाळची गोळी हे लिहून झाल्यावरच घ्यायची असे मी ठरवले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. एकजण दबाव टाकायला येऊन गेला, त्याचे पुढे येईलच.

यापूर्वी कोल्हापुरात मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझे होते नव्हते ते सगळे धाकट्या भावाला, राजनला, दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. त्याची प्रत राजनकडे असेल तर त्याने ती जपून ठेवू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, मालमत्ता लिहा, कारणं लिहू नका. कारणांमुळे भांडणं होतात." मी त्यांना म्हटले, कारणे लिहिली नाहीत तर आजारात बाईचे डोके फिरले होते असे म्हणायला राजनला मोकळीक मिळेल. असे तो एकदा म्हणून बसला आहे आणि तेव्हा सगळ्यांनी ते खरे मानले. म्हणून मी कारणांसह लिहिते. अरबी आणि इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने काही गाळू नये.

एक. माझे दहन अबुधाबीतच करावे. मृतदेह कोल्हापूरला नेऊ नये. तिथे राजन खांद्यावर उपरणे टाकून उभा राहील, लोक त्याचे सांत्वन करतील, आणि मला उठून काही बोलता येणार नाही. विधी जे काही करायचे ते समाधान गायकर याने करावेत. समाधान सिन्नरकडचा. मुसफ्फातल्या मसाल्याच्या कंपनीत आम्ही एकत्र काम केले, आणि माझे उपचार सुरू झाल्यापासून तोच मला गाडीतून हॉस्पिटलला नेतो. "मॅडम, मला मंत्र येत नाहीत," असे तो म्हणाला. मी म्हटले, नुसता उभा राहा, पुरे.

दोन. बँकेत जे आहे त्यातून हॉस्पिटलचे आणि दहनाचे भागवावे. उरेल ते कशफला द्यावे. तिचा कृत्रिम डोळा दर काही वर्षांनी बदलावा लागतो आणि ती त्यासाठी कोणाकडे मागत नाही. कशफ कोण, हे चौथ्या आणि पाचव्या कलमात येईल. घरातली भांडी, मिक्सर, पलंग वगैरे समाधानने त्याच्या कामगार कॅम्पवर न्यावे. सोन्याच्या दोन बांगड्या आईच्या होत्या. आईने त्या मला दिल्या नव्हत्या, राजनच्या बायकोला दिल्या होत्या. तिने तिच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी माझ्याकडे ठेवायला दिल्या आणि परत मागायला तिला बहुधा लाज वाटली. तिच्या तिला द्याव्यात. तिच्याशी माझे भांडण नाही.

तीन. आता मुख्य वस्तू. कपाटात वरच्या फळीवर, सुती पंच्यात गुंडाळलेले, काडतुसात बंदुकीची दारू भरण्याचे माप आहे. दारू हा शब्द या देशात भलताच वाटेल, म्हणून यापुढे पावडर म्हणते. माझ्या घरात पावडर, काडतूस किंवा तसले काहीही नाही आणि कधी नव्हते. हे फक्त रिकामे यंत्र आहे, आणि क्लबच्या नोकरीवर आले तेव्हा ते रीतसर कागदांनिशी इथे आणले होते.

हे माप माझ्या वडिलांचे. रामचंद्र इंगवले, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. उद्यमनगरात त्यांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. रायफल क्लबचे ते जुने सभासद, आणि घरी काडतुसे भरण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. बेळगावात एक निवृत्त सुभेदार आपले सामान विकणार आहेत असे कळले तेव्हा आप्पा आम्हा दोघांना घेऊन गेले. टेबलावर दोन मापे होती. एक नवे, हलके, लाल रंगाचे. दुसरे बिडाचे, जड, आत पितळेचा फिरता ड्रम असलेले. राजनला लाल हवे होते. आप्पांनी डोळे मिटून दोन्हीच्या दांड्या वर-खाली केल्या आणि मला म्हणाले, "अनू, तू कर आणि सांग." मी केले. लाल मापाची दांडी शेवटाला कधी इथे थांबायची, कधी तिथे. बिडाच्या मापाची प्रत्येक वेळी एकाच जागी टेकायची. मी म्हटले, जुने घ्या. आप्पांनी सुभेदारांकडे पाहून मान हलवली. परतीच्या एसटीत राजन माझ्याशी बोलला नाही. कोल्हापूर येईपर्यंत नाही, आणि एका अर्थी त्यानंतरही कधी धड नाही.

माप आणले म्हणजे झाले असे नसते, ते लावावे लागते. आप्पा ते टेबलाला बोल्टने घट्ट बसवत, कारण टेबल हलले की पावडर दबते आणि माप जास्त पडते. वरच्या नळीत पावडर नेहमी एकाच उंचीपर्यंत ठेवायची. नळीत एक पडदी असते, तिच्यामुळे वरचा भार ड्रमवर येत नाही. ड्रमला ग्रॅफाइट चोळून घ्यायचे. पहिली काही मापे नळीत परत ओतायची, मग स्क्रू किंचित फिरवायचा, मग तोलायचे, मग पुन्हा. दांडी वर नेताना जितका जोर, तितकाच खाली आणताना. काडीसारखे लांबट दाणे असतील तर ड्रमच्या कडेला एखादा दाणा कापला जातो आणि दांडीला कचकन लागते. ते हाताला कळले पाहिजे. ते कळेपर्यंत आप्पांनी मला पावडरला हात लावू दिला नाही, खसखस भरायला लावली. इथे खसखस आणली तर तुरुंगात टाकतात, म्हणून मी कशफला राजगिऱ्यावर शिकवले.

आणि सगळ्यात महत्त्वाचे त्यांनी शिकवले ते हे, की काम संपले की नळी पूर्ण रिकामी करायची, पावडर तिच्या त्याच बाटलीत ओतायची आणि टेबलावर एकावेळी एकच बाटली ठेवायची. कारण माप फक्त जागा मोजते. आत काय ओतले आहे हे त्याला कळत नाही. सावकाश जळणाऱ्या पावडरसाठी लावलेल्या मापात झपाट्याने जळणारी ओतली, तर ते तितकीच निमूटपणे भरून देते.

आप्पा गेले तेव्हा वर्कशॉपची जागा राजनला मिळाली आणि माप मला. मी तक्रार केली नाही. राजनने जागा विकली, धंदा काढला, बुडवला. मी तोपर्यंत इथे एका खाजगी शूटिंग क्लबमध्ये लागले होते. काडतुसे भरण्याची परवाना असलेली खोली माझ्या ताब्यात होती आणि सोबत कोचिंग करत होते. आईने फोनवर रडून सांगितले, "तुझ्या भावाचं काहीतरी बघ." मी बघितले. शब्द टाकून त्याला क्लबमध्ये लावला. त्याचे इंग्रजी चांगले, सूट त्याला शोभतो. थोड्याच वर्षांत तो मॅनेजर झाला आणि माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागू लागली.

चार. माप राजनला का मिळू नये.

क्लबमध्ये कशफ नावाची मुलगी माझ्याकडे शिकत होती. मूळची लाहोरची, शारजात वाढलेली, तेव्हा एकोणीस वर्षांची. पालथी झोपून तीनशे मीटरवर रायफल मारायची. तिच्यासारखा श्वास धरणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. मला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. तिची आई शहरबानू दर ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा पाठवायची.

एके दिवशी मी व्हिसाच्या मेडिकलला गेले होते. आदल्या संध्याकाळी मॅचच्या काडतुसांसाठी माप लावून, नळी रिकामी करून, खोलीला कुलूप घालून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कशफ तिच्या लेनवर सराव करत होती. मी मागे खुर्चीवर होते. रायफलचा आवाज टणक असतो. त्या दिवशी पत्रा फाटावा तसा आवाज आला. मी धावले. कशफ उठून बसली होती. चेहऱ्यावर हात, बोटांमधून रक्त. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाजी, लाइट क्यों बंद कर दी?"

चष्मा होता म्हणून डावा डोळा वाचला. उजवा गेला.

अॅम्ब्युलन्स निघाल्यावर मी भरायच्या खोलीत गेले. मापाच्या नळीत पावडर होती. मी कधीच ठेवत नाही. आणि ती मॅचची काडीसारखी पावडर नव्हती. चपट्या, बारीक चकत्या होत्या. सरावाच्या हलक्या काडतुसांसाठीची, झपाट्याने जळणारी. स्क्रू मी लावला तिथेच होता. म्हणजे पूर्ण मॅचच्या मापाने कोणीतरी ती काडतुसांत भरली होती आणि ती काडतुसे माझ्या डब्यांत ठेवून दिली होती.

खोलीची दुसरी चावी मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये असे. मी राजनला शोधत खाली गेले. तो पार्किंगमध्ये गाडीपाशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"ताई, गेस्ट येणार होते, बॉक्स कमी पडत होते," तो म्हणाला. "मी थोडेच भरले. तू माप लावून ठेवलंच होतंस ना? मी फक्त दांडी फिरवली."

"कुठल्या बाटलीतली ओतलीस?"

"तिथे होती ती. मला काय माहीत, ताई?"

"तोललंस का एकदा तरी?"

त्याने गाडीचे दार उघडले, परत लावले. मग म्हणाला, "आत तू काही बोलू नकोस. मी सांगतो सगळं नीट." मला वाटले, खरे सांगणार आहे.

चौकशी क्लबच्याच ऑफिसमध्ये झाली, इंग्रजीत. राजन म्हणाला, खोलीची एकच चावी वापरात आहे आणि ती मॅडमकडे असते. दुसरी कधीच हरवली. माझ्या सख्ख्या भावाने मला त्या खोलीत मॅडम म्हटले. मी पार्किंगमधले सगळे बोलणे शब्दाला शब्द सांगितले. त्याने टेबलाकडे पाहत उसासा टाकला. "शी इज माय सिस्टर. शी इज इन शॉक. अलीकडे ती विसरते. आय डोन्ट ब्लेम हर." समोरचे तिघे माझ्याकडे ज्या दयेने बघायला लागले ती मला आजही आठवते. रागाने बघितले असते तर मी भांडू शकले असते.

रेंज ऑफिसर फहदला विचारले, आदल्या दिवशी खोलीत कोणाला जाताना पाहिले का? फहद म्हणाला, माझी नजर टार्गेटकडे होती आणि कानावर आवाज अडवणारे मफ होते.

अहवालात माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असे आले. मला काढून टाकले. दुसऱ्या कोणत्याही क्लबने मला दारात उभे केले नाही. हॉस्पिटलला गेले तर शहरबानू खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "आपने मेरी बच्ची की आँख ले ली. अब देखने क्या आई हैं?" मी तिला काय सांगणार होते? ती आई होती आणि कागदावर माझे नाव होते.

माझ्या स्वतःच्या आईला, मुक्ताबाईंना, राजनने माझ्या आधी फोन केला होता. मी केला तेव्हा आई म्हणाली, "एका पोरीचा डोळा गेला तुझ्या हातानं, आणि वर भावाचं नाव घेतीस? त्याला लेकरूबाळ आहे." मी म्हटले, आई, माझे ऐकून तरी घे. तिने फोन ठेवून दिला. त्यानंतर ती चार वर्षे जगली. माझ्याशी बोलली नाही. ती गेल्याचे मला व्हॉट्सअॅपवर कळले, बाराव्याच्या निमंत्रणावरून.

मसाल्याच्या कंपनीत पाकिटे भरायच्या मशीनवर मी लागले. हळद, तिखट, धणे पूड. माप लावायचे, तोलायचे, पुन्हा लावायचे. काम तेच होते. संध्याकाळी डोळे तिखटाने चुरचुरत आणि मी मनात म्हणे, बरे आहे, रडले तरी कोणाला कळत नाही. हे लिहिताना मला राग येतो आहे. तो मृत्युपत्रात चालतो की नाही हे वकीलबाईंनी बघावे.

राजनने तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात रायफल अकादमी काढली आहे. तिला आप्पांचे नाव दिले आहे. तिथे काचेच्या कपाटात ठेवायला त्याला हे माप हवे आहे. आप्पांची आठवण म्हणून. त्याला ते मिळू नये. त्याने कोणाकडून विकत घेण्याचा प्रयत्न केला तर तसेही होऊ देऊ नये.

पाच. माप कशफला द्यावे.

अपघातानंतर सात वर्षांनी ती माझ्या दारात उभी राहिली. मी दार उघडले आणि तिला आत घेतले. ती म्हणाली, "बाजी, फहद भाई मुल्क वापस जा रहे थे. जाने से पहले घर आए. बोले, उस दिन राजन सर को उस कमरे से निकलते देखा था, हाथ झाड़ते हुए." मग ती माझ्याच पलंगावर बसून रडू लागली. एकाच डोळ्यातून पाणी येत होते. मी तिकडे बघू शकले नाही.

"आपने मुझे क्यों नहीं बताया?"

"जिनको बताया उन्होंने तुम तक पहुँचने नहीं दिया," मी म्हटले.

शहरबानू पुढच्या शुक्रवारी आली. डबा घेऊन आली होती. तिने माफी मागितली. मी ती घेतली, पण खरे सांगायचे तर ती सात वर्षे तिच्या माफीने भरून आली नाहीत, आणि मी तसे तिला सांगितलेही. ती म्हणाली, "मालूम है."

कशफ डाव्या डोळ्याने, डाव्या खांद्यावर रायफल घेऊन पुन्हा शिकली. आता दुसऱ्या अमिरातीत एका क्लबमध्ये ती कोच आहे आणि तिथल्या भरायच्या खोलीचा परवाना तिच्या नावावर आहे. गेले काही महिने ती माझ्याकडे येऊन माप लावायला शिकली. तिचा हात आता एकसारखा झाला आहे. माप तिच्या क्लबकडे परवानगीने नेण्याचे कागद वकीलबाईंकडे तयार आहेत. तिच्यासाठी एवढेच, की इथल्या एसीच्या कोरड्या हवेत पावडर नळीला चिकटते, तेव्हा मापाला अर्थिंगची तार जोडल्याशिवाय काम सुरू करू नकोस. आणि घाईत असलेल्या कोणालाही खोलीत घेऊ नकोस, तो कितीही जवळचा असला तरी.

सहा. माझे रेंजवरचे, कानावर घालायचे मफ फहदला पाठवावेत, त्याचा पत्ता कशफकडे आहे. तो कशफला खरे सांगून गेला, त्याबद्दल आभार. क्लबला न सांगता गेला, त्याबद्दल मफ.

सात. कोल्हापुरात नागाळा पार्कमध्ये माझा फ्लॅट आहे. तो माझ्या पगारातून घेतलेला असून त्यात वडिलोपार्जित काही नाही. तो मी राजनची मुलगी सृष्टी हिला देते.

वरील ओळ गेल्या महिन्यातल्या मसुद्यातली आहे, आज उतरवून काढताना मुद्दाम तशीच ठेवली. ती आता लागू नाही. काय झाले ते लिहिते.

माझ्या आजाराची बातमी कळल्यावर राजन कोल्हापूरहून आला. सोबत सृष्टी होती. ती दुबईत नोकरी करते, बावीस वर्षांची आहे, इथेच वाढली. मला आत्या म्हणते आणि बाकी सगळे इंग्रजीत बोलते. लहानपणापासून तिला एवढेच सांगितले होते, की आत्याच्या हातून एक अपघात झाला, आत्याला त्याबद्दल बोललेले आवडत नाही. तरीही ती वर्षातून एकदोनदा येऊन माझ्या हातची आमटी खाऊन जायची.

त्या दुपारी कशफ माझ्याकडे होती. टेबलाला माप लावलेले, राजगिऱ्याचे भांडे समोर. राजन आत आला, माझी तब्येत विचारली, डॉक्टरांबद्दल बोलला. मग म्हणाला, "ताई, फ्लॅटचं काय ठरवलंस? अकादमीच्या पोरांना राहायला जागा नाही. आप्पांना बरं वाटेल. आणि हे माप तुला आता काय उपयोगाचं?"

कशफने राजगिरा बाजूला सारला. तिला राजन ओळखू आला होता. त्याला ती आली नव्हती, किंवा त्याने तसे दाखवले.

"सर," ती म्हणाली. आवाज शांत होता. "एक बात बरसों से पूछनी थी. बोतल पर ढक्कन किस रंग का था?"

"कौन सी बोतल?"

"जिससे आपने भरा. बाजी कहती हैं दोनों के ढक्कन अलग थे."

"अलग कहाँ थे? दोनों सफ़ेद ही थे, इसीलिए तो—"

तो थांबला. मी कशफला ढक्कनांबद्दल कधी काही सांगितले नव्हते. तिने ते कसे योजले, आधीच ठरवून ठेवले होते की तिथेच सुचले, हे मी तिला विचारले नाही.

सृष्टी म्हणाली, "पापा, यू वर इन दॅट रूम?"

"बेटा, खूप जुनी गोष्ट आहे. खलास झालं ते. कोणालाच नीट आठवत नाही."

"यू रिमेंबर द लिड्स, पापा."

राजन माझ्याकडे वळला. मला वाटले, आता तरी म्हणेल. मी मरायला टेकलेली, ती मुलगी काचेच्या डोळ्याने समोर बसलेली, पोटची पोर विचारते आहे. तो म्हणाला, "ताई, तू हिला काय काय शिकवून ठेवलं आहेस?" आणि गाडीची किल्ली उचलली. सृष्टी त्याच्यासोबत उठली नाही. तो लिफ्टपाशी बराच वेळ थांबला होता, मला दारातून दिसत होते. मग गेला.

पुढच्या शनिवारी सृष्टी एकटी आली. वकीलबाई बसल्या होत्या. मी तिला सांगितले, फ्लॅट तुझ्या नावे केला आहे. तिने मसुदा हातात घेतला. मराठी तिला सावकाश वाचता येते. अडेल तिथे मला विचारत तिने चौथे कलम दोनदा वाचले. मग विचारले, याखाली सह्या कोणाच्या असतात? वकीलबाईंनी सांगितले, मॅडमची आणि दोन साक्षीदारांची. साक्षीदार फक्त सही समोर झाल्याची साक्ष देतो, मजकुराची नाही. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे लोक शंका घेतात.

सृष्टी म्हणाली, "देन आय डोन्ट वॉन्ट द फ्लॅट. आत्या, आय वॉन्ट टू साइन."

मी तिला पुष्कळ समजावले. कोल्हापुरात त्या भागात आज असा फ्लॅट मिळत नाही, तुझ्या बापाने तुझ्यासाठी काही ठेवलेले नाही, सही दुसरा कोणीही करेल. तिने ऐकले नाही. तिचे म्हणणे असे, की मी फ्लॅट घेतला तर पापा सगळ्यांना सांगतील, फ्लॅटसाठी पोरीने आत्याची बाजू घेतली. मला हे सुचले नव्हते. तिला तिचा बाप माझ्यापेक्षा चांगला कळतो.

मग फ्लॅट कोणाला द्यायचा? मला खरेच कोणी सुचेना, आणि त्याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले. सृष्टी म्हणाली, "गिव्ह इट टू द मॅन हू ड्राइव्ह्ज यू टू द हॉस्पिटल." तेव्हा तो फ्लॅट मी समाधान गायकर याला देते, पूर्ण मालकीने. त्याने त्यात राहावे, विकावे किंवा भाड्याने द्यावा. राजनला भाड्याने देऊ नये.

आठ. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम वकीलबाईंकडे राहील. राजनने आव्हान दिल्यास हा मजकूर न्यायालयात मोठ्याने वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. त्याला क्षमा केली असे कोणी माझ्या नावावर पुढे सांगितले तर ते खोटे समजावे. मी ती केलेली नाही. त्याने मागितलीही नाही.

वकीलबाईंनी काल सृष्टीला फोन करून सांगितले, की साक्षीदाराचे पूर्ण नाव लागेल, वडिलांच्या नावासकट. सृष्टी माझ्याजवळच बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "ऑफ कोर्स. दॅट्स द पॉइंट."

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले आणि पुन्हा वाचले. जिथे अक्षर हलले आहे तिथे हात दुखत होता, मन नाही.

मुक्काम अबुधाबी
दिनांक १५ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : अनुपमा रामचंद्र इंगवले (सही)

आमच्यासमक्ष वरील सही झाली :

पहिली साक्षीदार : सोनम दत्ताराम तांबे, परिचारिका, राहणार खलिफा सिटी (सही)

दुसरी साक्षीदार : सृष्टी राजन इंगवले, राहणार दुबई (सही)